गोल पृथ्वी आणि सपाट नकाशा

इतिहासाचा अभ्यास करणारास नकाशावांचून पाऊल टाकतां येत नाहीं. स्वारीचा मार्ग, दोन बंदरांमधील अंतर, एखाद्या राज्याचा विस्तार, ताम्रपटांत आलेल्या गांवाचें स्थान, या सर्वांचा निर्णय शेवटीं कोठल्या तरी नकाशावर बोट ठेवूनच करावा लागतो. असें असूनही ज्या कागदावर आपण बोट ठेवितों त्याचें आणि खऱ्या भूपृष्ठाचें नातें काय, याची चौकशी आपल्यांपैकीं फार थोडे करितात. शिलालेखाचा ठसा, पोथीची नक्कल, पत्राची तारीख यांची पारख करतांना जी काटेकोर दृष्टि आपण बाळगितों, ती नकाशाच्या बाबतींत सुटते. वास्तविक नकाशा हेंही एक साधनच आहे, आणि त्याच्या कर्त्यानें कांहीं तरी सोडून दिल्याशिवाय तें सिद्धच होत नाहीं. त्यानें काय सोडलें व तें कां सोडावें लागलें, एवढेंच येथें दाखवावयाचें आहे. गणिताचा भाग शक्य तितका सोपा ठेविला आहे. ज्यास त्रैराशिक येतें त्यास तो अडूं नये.

शाळेच्या भिंतीवर टांगलेला जगाचा जो नकाशा आपणांपैकीं बहुतेकांनीं लहानपणीं पाहिला, त्यांत ग्रीनलंड हें बेट आफ्रिका खंडाच्या तोडीचें दिसतें. वस्तुतः ग्रीनलंडचें क्षेत्रफळ सुमारें २१ लाख ६६ हजार चौरस किलोमीटर आहे, आणि आफ्रिकेचें ३ कोटींहून थोडें अधिक. म्हणजे आफ्रिकेंत ग्रीनलंडसारखीं चौदा बेटें मावतील. भारत ग्रीनलंडच्या दीडपट आहे, तरी त्या नकाशांत तोच लहान दिसतो. अधिक जवळचें उदाहरण घ्यावयाचें तर महाराष्ट्र राज्याचें क्षेत्रफळ ३,०७,७१३ चौरस किलोमीटर आहे व फिनलंड देशाचें सुमारें ३,३८,००० चौरस किलोमीटर, म्हणजे फरक दहा टक्क्यांचाच. परंतु त्याच भिंतीवरच्या नकाशांत मोजून पाहिल्यास फिनलंड महाराष्ट्राच्या पांचपटींहून मोठें भरतें. युरोपांतील राज्यांशीं येथील राज्यांची तुलना करतांना ज्यांनीं नुसत्या नजरेवर भरंवसा ठेविला असेल, त्यांचे निष्कर्ष कोठवर ग्राह्य धरावे याचा विचार वाचकांनींच करावा.

हा दोष छापणाराचा नव्हे, व मोजणी करणाराचाही नव्हे. तो गोलाच्या स्वभावांतच आहे.

पृथ्वी गोल असेल तर ती सपाट कां दिसते, हा प्रश्न भास्कराचार्यांनीं सिद्धान्तशिरोमणीच्या गोलाध्यायांत घेतला आहे. हा ग्रंथ शके १०७२ चा, म्हणजे इ. स. ११५० चा. त्यांचें उत्तर असें कीं, कोणत्याही परिघाचा शंभरावा भाग सरळ भासतो. पृथ्वी अति मोठी व मनुष्य अति लहान, म्हणून त्याच्या दृष्टीच्या टप्प्यांत येणारा भाग त्यास सपाटच वाटणार. हें उत्तर आजच्या अंकांनीं पडताळून पाहण्यासारखें आहे. पृथ्वीचा परिघ सुमारें ४०,००० किलोमीटर धरिला तर त्याचा शतांश ४०० किलोमीटर होतो. एवढ्या चापाची ज्या, म्हणजे त्याचीं दोन टोकें सरळ रेषेनें जोडिलीं असतां येणारी लांबी, चापापेक्षां अवघी सुमारें ६६ मीटरांनीं कमी भरते. चारशें किलोमीटरांत सहासष्ट मीटर! एका जिल्ह्याचा किंवा तालुक्याचा नकाशा कागदावर काढितांना गोलाईमुळें येणारी चूक पेन्सिलीच्या टोंकाहून बारीक कां असते, हें यावरून कळेल. अडचण येते ती देश, खंड व सबंध जग यांच्या नकाशांत.

ती अडचण किती मोठी आहे तें एका साध्या प्रयोगानें ठरवितां येतें. उत्तर ध्रुवावर खुंटी ठोकून तिला १०,००० किलोमीटर लांबीची दोरी बांधिली आहे व ती भूपृष्ठावर ताणून चौफेर फिरविली आहे, अशी कल्पना करावी. ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतचें अंतर परिघाच्या चतुर्थांशाइतकें, म्हणजे १०,००० किलोमीटरच असल्यामुळें दोरीचें टोंक विषुववृत्तावरून फिरेल, आणि त्यानें काढिलेल्या वर्तुळाचा परिघ ४०,००० किलोमीटर भरेल. आतां हेंच वर्तुळ सपाट कागदावर त्याच प्रमाणानें काढूं. दोरी १०,००० ची, म्हणून व्यास २०,००० चा. आर्यभटानें वीस हजार व्यासाच्या वर्तुळाचा आसन्न परिघ ६२,८३२ सांगितला आहे. आपलें उदाहरण योगायोगानें नेमकें त्याच अंकांचें आहे. म्हणजे कागदावर ६२,८३२ किलोमीटरांचा घेर, आणि तो भरावयास भूमीवर मात्र ४०,००० किलोमीटरच. उरलेले २२,८३२ कोठून आणावयाचे? एक तर विषुववृत्त ताणून दीडपटीहून मोठें करावें, नाहीं तर कागदास चिरा पाडून मध्यें रिकामी जागा सोडावी. तिसरा मार्ग नाहीं.

दुसऱ्या रीतीनेंही तेंच सिद्ध होतें. ध्रुवापासून दोन रेखावृत्तें एकमेकांशीं काटकोन करून विषुववृत्तापर्यंत आणावीं. हीं दोन व विषुववृत्ताचा तुकडा मिळून जो त्रिकोण होतो, त्याचे तीनही कोन काटकोन आहेत. बेरीज २७० अंश. सपाट कागदावरील त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८० अंशांहून रतिभरही अधिक होत नाहीं. जर एखाद्या नकाशांत प्रत्येक अंतर खऱ्या प्रमाणांत उतरलें असतें, तर गोलावरील सर्वांत जवळचा मार्ग हा कागदावरही सर्वांत जवळचा, म्हणजे सरळ, झाला असता आणि कोनही जसेच्या तसे उतरले असते. तसें होणें अशक्य आहे हें वरील त्रिकोणच सांगतो. लेनर्ड ऑयलर या गणित्यानें हें इ. स. १७७७ मध्यें प्रसिद्ध झालेल्या निबंधांत सिद्ध केलें, आणि पन्नास वर्षांनीं, १८२७ सालीं, कार्ल फ्रीड्रिख गाउस यानें लॅटिन भाषेंतील आपल्या ग्रंथांत त्याचें मूळ कारण दाखविलें. गाउसनें स्वतः हॅनोव्हर प्रांताच्या मोजणीचें काम केलें होतें, तेव्हां हा विषय त्याच्या हातापायांखालून गेलेला होता. पृष्ठभाग न ताणतां, न फाडतां कितीही वांकविला तरी त्याची एक वक्रता बदलत नाहीं, असा त्याचा सिद्धांत आहे. वाण्याच्या शंक्वाकार पुडीचा कागद उलगडला कीं सपाट होतो. कागदाची सुरळीही तशीच सोडवितां येते. कारण या दोहोंची ती वक्रता शून्य, आणि सपाट कागदाचीही शून्य. गोलाची तशी नाहीं. चेंडू कागदांत गुंडाळून पाहावा. चुण्या पडल्यावांचून कागद बसत नाहीं.

येथें पुन्हा भास्कराचार्यांकडे वळावेंसें वाटतें. लीलावतींत त्यांनीं गोलाच्या पृष्ठफलास चेंडूभोंवतीं घातलेल्या जाळ्याची उपमा दिली आहे. गोलाध्यायाच्या भाष्यांत पृष्ठफल काढण्याची एक रीत अशी आहे कीं, आंवळ्यावर जशा उभ्या रेषा असतात तशा रेषांनीं गोलाच्या फांकी पाडावयाच्या, आणि एका फांकीचें फळ काढून तें फांकींच्या संख्येनें गुणावयाचें. फांक जितकी अरुंद तितकी ती सपाट मानण्यांत चूक कमी. परिघ ४,९६७ योजनें व व्यास १,५८१ योजनें आणि योजनाचा चोविसावा भाग धरून त्यांनीं भूपृष्ठाचें फळ ७८,५३,०३४ वर्ग योजनें दिलें आहे. परिघ गुणिले व्यास हा नियम बरोबर आहे. त्यांच्यापूर्वींच्या लल्लानें वर्तुळाच्या क्षेत्रफळास परिघानें गुणण्याची रीत सांगितली होती, तिचा त्यांनीं जो समाचार घेतला आहे तो मुळांतून वाचण्यासारखा आहे. युरोपांत पृथ्वीचे गोल तयार करणारे कारागीर याच आंवळ्याच्या फांकींसारख्या पट्ट्या छापून गोलावर चिकटवीत. मार्टिन वाल्डझेम्युलर यानें इ. स. १५०७ मध्यें अशा बारा पट्ट्या छापिल्या होत्या. त्या कागदावर एकमेकींशेजारीं ठेविल्या कीं मधल्या फटी ताबडतोब नजरेस येतात. सपाट नकाशा म्हणजे या फटी कोणत्या तरी युक्तीनें बुजविण्याचा उद्योग होय.

युक्ति कोणती योजावयाची हें नकाशा कोणत्या कामासाठीं पाहिजे यावर ठरतें. क्षेत्रफळ खरें ठेवावें तर आकार बिघडतो. लहान भागांचे आकार व कोन खरे ठेवावे तर क्षेत्रफळ बिघडतें. एका ठिकाणापासूनचीं सर्व अंतरें खरीं ठेवितां येतात, पण मग इतर ठिकाणांमधलीं खोटीं होतात. यांपैकीं कोन राखणारी युक्ति सर्वांत प्रसिद्ध झाली, आणि तिच्या जन्मकथेशीं गोव्याचा जवळचा संबंध आहे.

मार्तिम आफोन्सु द सौझा हा पोर्तुगीज दर्यावर्दी १५३० ते १५३३ या काळांत ब्राझीलच्या मोहिमेवर होता. पुढें १५४२ ते १५४५ पर्यंत तो गोव्यास गव्हर्नर होता. ब्राझीलहून परतल्यावर त्यानें पेद्रु नुनिश या गणित्यास कांहीं शंका विचारिल्या. होकायंत्राप्रमाणें नौका सारखी पूर्वेकडे हांकली तर ती अक्षवृत्तावरूनच फिरत राहते, महद्वृत्तावरून जाऊन विषुववृत्तास मिळत नाहीं, हें कसें? नुनिश यानें १५३७ मध्यें प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत याचें उत्तर दिलें: एकच दिशा धरून जाणें आणि सर्वांत जवळच्या मार्गानें जाणें या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. उत्तर-दक्षिण किंवा पूर्व-पश्चिम सोडून इतर कोणतीही एक दिशा कायम धरिली तर गोलावर ध्रुवाकडे वेढे घेत जाणारी वक्र रेषा होते. नुनिशचा स्नेही जुआंव द काश्त्रु हा लगेच १५३८ मध्यें हिंदुस्थानांत आला आणि १५३८-३९ सालीं गोव्याहून दीवपर्यंतच्या प्रवासांत त्यानें होकायंत्राची सुई व सूर्य यांचीं निरीक्षणें करून कोंकणच्या बंदरांचीं चित्रें व वर्णनें लिहून ठेविलीं. चौल, दाभोळ यांच्या इतिहासास त्या वर्णनाचा फार उपयोग आहे. पुढें हाच काश्त्रु गोव्याचा व्हाइसरॉय झाला व तेथेंच १५४८ मध्यें वारला.

खलाशास तर कागदावर पट्टीनें रेघ ओढून तीच दिशा होकायंत्रावर धरतां आली पाहिजे. ती सोय फ्लँडर्समध्यें जन्मलेल्या गेरार्ड मर्केटर यानें इ. स. १५६९ मध्यें डुइसबर्ग येथें छापलेल्या अठरा तावांच्या जगाच्या नकाशांत करून दिली. त्याची युक्ति आमच्या सिद्धांतग्रंथांशीं परिचय असणारांस चटकन् कळेल. देशांतरसंस्कार करतांना सूर्यसिद्धांत सांगतो कीं, विषुववृत्तावरील भूपरिधीस स्वस्थानाच्या लंबज्येनें गुणून त्रिज्येनें भागावें, म्हणजे त्या स्थानचा स्पष्ट भूपरिधि येतो. पुण्याचा अक्षांश साडेअठरा. तेथील स्पष्ट परिधि सुमारें ३८,००० किलोमीटर. साठ अक्षांशांवर तो निम्मा, २०,००० च राहतो. ध्रुवावर शून्य. मर्केटरच्या नकाशांत रेखावृत्तें समांतर उभ्या रेषा असल्यामुळें प्रत्येक अक्षवृत्ताची लांबी विषुववृत्ताएवढीच काढिलेली असते. म्हणजे लंबज्येनें जें कमी व्हावयास पाहिजे होतें तें होऊं दिलेलें नाहीं, आणि पूर्व-पश्चिम अंतर त्रिज्या भागिले लंबज्या इतक्या पटीनें ताणलें गेलें. एवढ्यावर थांबलें तर कोन बिघडतात. म्हणून मर्केटरनें त्या त्या ठिकाणीं उत्तर-दक्षिण अंतरही तितक्याच पटीनें ताणिलें. दोन्हीकडून सारखा ताण पडल्यानें लहान चौकोनाचा चौकोनच राहिला, कोन टिकले, आणि कायम दिशेची वांकडी रेषा कागदावर सरळ झाली. या ताणाचीं गणितानें केलेलीं कोष्टकें इंग्रज गणिती एडवर्ड राइट यानें १५९९ सालीं प्रसिद्ध केलीं. मर्केटरनें स्वतः रीत उघड करून सांगितली नव्हती.

स्पष्ट परिधीचा नियम आमच्याकडे होता म्हणून मर्केटरचा नकाशाही आमच्याकडे होता, असें कोणी म्हणूं लागल्यास तें मात्र मान्य करतां येणार नाहीं. नियम एक, त्याचा विनियोग दुसरा.

या सोयीची किंमत काय पडली तें आतां अंकांनीं पाहूं. पुण्याजवळ लांबींत ताण सव्वापांच ते साडेपांच टक्के, म्हणून क्षेत्रफळांत सुमारें अकरा टक्के वाढ. साठ अक्षांशांवर लांबी दुप्पट, क्षेत्रफळ चौपट. ग्रीनलंडच्या मध्याजवळ, बहात्तर अक्षांशांवर, लांबी सव्वातीनपटीच्या आसपास व क्षेत्रफळ साडेदहापट. ध्रुवाजवळ भाजक शून्य होतो, म्हणून ध्रुव या नकाशांत कधींच येऊं शकत नाहीं. कागद कितीही उंच घेतला तरी तो त्याच्या पलीकडेच राहतो. नकाशाच्या कोपऱ्यांत जें एकच प्रमाण छापलेलें असतें तें अशा नकाशांत विषुववृत्तापुरतें खरें. त्यानें लंडनपासून मुंबईपर्यंतचें अंतर दोऱ्यानें मोजणें हा व्यर्थ खटाटोप होय.

अंतराप्रमाणें मार्गाविषयींही फसगत होते. रशियांतील सेंट पीटर्सबर्ग आणि अलास्कांतील सूअर्ड हीं दोन्ही शहरें साठाव्या अक्षवृत्तालगत असून त्यांच्या रेखांशांत जवळजवळ १८० अंशांचें अंतर आहे. भिंतीवरील नकाशांत त्यांना जोडणारी सरळ आडवी रेघ अक्षवृत्तावरून जाते व ती १०,००० किलोमीटर भरते. ध्रुवावरून सरळ गेल्यास अंतर अवघें सुमारें ६,७०० किलोमीटर, आणि हा जवळचा मार्ग त्या नकाशांत दाखवितांच येत नाहीं, कारण ध्रुवच त्यांत नाहीं.

मर्केटरनें आपला नकाशा खलाशांसाठीं काढिला होता व तसें तो त्यावर लिहितो. तो शाळेंत नेऊन टांगणारांचें पाप त्याच्या माथीं मारूं नये. क्षेत्रफळ खरें ठेवणारे नकाशे पुढें पुष्कळ झाले. योहान लाम्बर्ट यानें १७७२ मध्यें दोन्ही प्रकारच्या अनेक रीती दिल्या. मोलवाइड याचा लंबवर्तुळाकार नकाशा १८०५ चा. जेम्स गॉल या स्कॉटिश धर्मोपदेशकाची १८५५ ची रीत जर्मन इतिहासकार आर्नो पेटर्स यानें १९७३ मध्यें नवी म्हणून पुढें मांडली व मर्केटरमुळें उष्ण कटिबंधांतील देशांवर अन्याय झाल्याचा मोठा पुकारा केला. तक्रारींत तथ्य होतें. परंतु त्याच्या नकाशांत आफ्रिका व हिंदुस्थान दोऱ्यावर वाळत घातलेल्या ओल्या कपड्यांसारखे उभे लोंबतात, हेंही खरें. इ. स. २०१८ मध्यें तयार झालेला समक्षेत्र नकाशा यापेक्षां पुष्कळ डोळस आहे. आणि मौज अशी कीं, मोबाईलवर आज जे रस्त्यांचे नकाशे आपण पाहतों त्यांचा पायाही बहुधा मर्केटरचीच रीत असतो. पुण्यांतला चौक असो कीं नॉर्वेंतला, काटकोन काटकोनच दिसावा ही त्यांची गरज ती भागविते. जग चौरसांत बसावें म्हणून ते पंचाऐशीव्या अक्षांशाजवळ छाटून टाकिलेले असतात.

इतिहाससंशोधकास याहून महत्त्वाचा एक भेद ध्यानांत घ्यावा लागतो. नकाशांतील प्रत्येक विकृति गोलाईमुळेंच येते असें नाहीं. पुष्कळदां मूळ माहितीच चुकीची असते. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकांतील टॉलेमीचें उदाहरण घेऊं. त्याच्या ग्रंथांत पैठण, तेर व चौल यांचे अक्षांश-रेखांश दिलेले आहेत, म्हणून आपणांस तो परिचित. गोल सपाट करण्याची अडचण त्यास उत्तम माहीत होती. त्याच्या आधींच्या मारिनसनें सर्व जाळें काटकोनी चौकटींचें करून ऱ्होड्सच्या छत्तिसाव्या अक्षांशापुरतें पांचास चार हें प्रमाण ठेविलें होतें (तेथील लंबज्येशीं तें ठीक जुळतें). त्याच्यावर टीका करून टॉलेमीनें अक्षवृत्तें वांकडीं काढण्याच्या दोन रीती सांगितल्या. तरीही त्याच्या नकाशांत हिंदुस्थानचें द्वीपकल्प जवळजवळ नाहींसें झालें असून सिंहलद्वीप प्रचंड फुगलें आहे. हा दोष कोणत्या जातीचा? कसोटी सोपी आहे. त्यानें दिलेले अक्षांश-रेखांश घेऊन खऱ्या गोलावर टिंबें मांडावीं. गोलावर सपाटीकरणाचा प्रश्नच नाहीं. तेथेंही द्वीपकल्प दिसलें नाहीं, तर दोष माहितीचा. टॉलेमीच्या बाबतींत तसेंच घडतें. पृथ्वीचा परिघ त्यानें फार लहान धरिला होता आणि खलाशांच्या व व्यापाऱ्यांच्या प्रवासाच्या दिवसांवरून त्यास अंतरें ठरवावीं लागलीं. अशा अंकांवर नुसतें गणित चालवून एखादें गांव नक्की करणारांचीं अनुमानें जपून घ्यावीं.

मोडी लिपींतील जुन्या नकाशांत बहुधा अक्षांश-रेखांशांचें जाळें नसतें व एकच प्रमाणही नसतें. त्यांस वांकडेपणाचा दोष देणें अप्रस्तुत आहे; किल्ला कोणत्या नदीच्या कोणत्या अंगास आहे, वाटेंत कोणतीं ठाणीं लागतात, हें सांगण्यासाठीं ते काढिलेले आहेत व तें ते सांगतात.

हिंदुस्थानच्या शास्त्रीय मोजणींत गोलाईचा हिशेब पहिल्यापासून धरावा लागला. विल्यम लॅम्बटन यानें १८०२ मध्यें मद्रासेजवळ आधाररेषा मोजून त्रिकोणांची सांखळी सुरू केली. भूमीवरील त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८० अंशांहून किंचित् अधिक येते, आणि ही अधिकता क्षेत्रफळाच्या प्रमाणांत वाढते: दर सुमारें १९७ चौरस किलोमीटरांस एक विकला. पन्नास किलोमीटर बाजूच्या समभुज त्रिकोणांत ती साडेपांच विकला होते. वर ज्या तीन काटकोनांच्या त्रिकोणांत ती नव्वद अंश होती, तीच ही. लॅम्बटनचें अर्ध्या टनाचें कोनमापक यंत्र इतके सूक्ष्म कोन घेण्यासाठींच होतें. ही सांखळी उत्तरेकडे नेत असतां तो १८२३ च्या जानेवारींत वर्धा जिल्ह्यांतील हिंगणघाट येथें वारला. त्याची कबर तेथेंच आहे. त्याच्यामागून आलेल्या जॉर्ज एव्हरेस्टनें १८३० मध्यें या मोजणीवरून पृथ्वीचा आकार ठरविला. पृथ्वी ध्रुवांकडे किंचित् चपटी असल्यामुळें तो शुद्ध गोल नव्हे. पण एक मीटर व्यासाच्या गोलावर हा चपटेपणा साडेतीन मिलिमीटरांहूनही कमी भरेल.

भारतीय सर्वेक्षण खात्याचे जुने तक्ते एव्हरेस्टच्या या आकारावर आधारलेले आहेत. इ. स. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर लोकांसाठीं निघालेले तक्ते मात्र उपग्रहांच्या कामीं वापरल्या जाणाऱ्या जागतिक आकारावर काढिलेले आहेत, व त्यांची सपाटीकरणाची रीतही वेगळी आहे. त्यामुळें एकाच बुरुजाचे अक्षांश-रेखांश जुन्या व नव्या तक्त्यांत तंतोतंत सारखे येत नाहींत. शंभर मीटरांहून अधिक फरक पडूं शकतो. जुन्या तक्त्यावरून टिपलेले आंकडे मोबाईलमध्यें घालून शिलालेखाची जागा शोधणारास तो लेख सांपडत नाहीं याचें कारण पुष्कळदां एवढेंच असतें. यासाठीं स्थाननिर्देश देतांना तक्त्याचा क्रमांक, त्याच्या आवृत्तीचें साल आणि तो कोणत्या आकारावर बेतला आहे हें तक्त्याच्या समासांत छापलेलें असतें, तें जसेंच्या तसें उतरून द्यावें.